लायनीला लागलेला शब्द

कुर्डुवाडीत ‘लाईन’ म्हटले की जुन्या माणसांना आधी बार्शी लाईन आठवते. मुंबई–मद्रासचा मोठा लोहमार्ग बार्शीची बाजारपेठ बाजूला ठेवून गेला. ती जोडायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी गेजची बार्शी लाईट रेल्वे उभारली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी गाडी सुरू झाली. पुढे रूळ पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेले. तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनाचे नावच बार्शी रोड होते.

रेल्वेच्या गावात हा शब्द रुळांपुरताच राहिला असता तर नवल नव्हते. पण तो घराघरांत शिरला. तिकिटाला लाईन लागते. शेतात लाईन फुटली की पाणी वाया जाते. लाईन गेली की मोटार बंद पडते. पोलीस लाईनीत माणसे राहतात. वाट, ओळ, रांग, रेषा हे आपले चारही शब्द स्त्रीलिंगी. लाईनही मराठीत स्त्रीलिंगीच झाली.

मला सर्वांत आवडतो तो आईबापांच्या तोंडचा प्रयोग : “पोरगं लायनीला लागलं बघा!” नोकरी कुठली, पगार किती, काही सांगितलेले नाही, तरी ऐकणाऱ्याला सगळे कळते आणि तोही “बरं झालं” म्हणतो. ‘मार्गी लागणे’ या जुन्या वाक्प्रचारावर हे कलम बांधलेले दिसते. पण अर्थाची छटा बारकाईने पाहावी. ‘रुळावर आला’ म्हटले तर तो आधी घसरला होता, असा ठपका येतो. ‘लायनीला लागला’ यात ठपका नाही, नुसता सुटकेचा श्वास आहे. आणि ‘लागणे’ किती नेमके! पोहोचला असे कुणी म्हणत नाही. सुरुवात झाली, एवढ्यावरच आईबापाचे समाधान.

व्याकरणही साक्ष देते. ‘मेडिकल लाईनला आहे’ म्हणताना शब्द ताठ, परका राहतो. ‘लायनीला’ म्हणताना मात्र तो भिंतीला, विहिरीला यांच्यासारखा वाकतो. मराठीची विभक्ती ज्याने अशी अंगी लावून घेतली, तो शब्द माझ्या लेखी मराठीच.

२००८ पर्यंत कुर्डुवाडी–लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला, छोटी गाडी गेली, शब्द मात्र राहिला. कोशकारांनी आता ‘लाईन’पुढे नुसते ‘रेषा’ लिहून थांबू नये. ‘लायनीला लागणे’ स्वतंत्र नोंद म्हणून द्यावे.