क्लबात कोण आलं नाही, ते मोजलंत का?

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीनं गेल्या महिन्यात तिचा संशोधन प्रस्ताव मला वाचायला पाठवला. विषय होता 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या वैज्ञानिक दृष्टिकोनावर शालेय तंत्रज्ञान क्लबचा होणारा परिणाम'. आराखडा तुमच्या ओळखीचाच असेल. सुरुवातीला पूर्वचाचणी, मग तीन महिने दर रविवारी क्लब, शेवटी तीच चाचणी पुन्हा, दोन सरासऱ्यांवर टी-चाचणी आणि निष्कर्ष. अशा आराखड्याचे प्रबंध आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत चिक्कार आहेत. बहुतेकांचा निष्कर्षही एकच असतो : क्लबमुळे लक्षणीय फरक पडला.

मला हा आराखडा पटत नाही. पण तो वाईट आहे असं तिला पटकन लिहून टाकायची माझी हिंमत झाली नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः नेमकं हेच केलं होतं.

तेव्हा मी भौतिकशास्त्रातलं एम.एस्सी. संपवून पीएच.डी.ला नुकतीच लागले होते. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर जोतिबाचा डोंगर आहे. त्या बाजूच्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी आम्ही तिघांनी तंत्रज्ञान क्लब सुरू केला. सामान म्हणजे चार जुने संगणक, अर्डुइनोचे काही बोर्ड, तारा, एलईडी आणि मातीतला ओलावा मोजणारे स्वस्तातले सेन्सर. आठवडाभर आम्हाला प्रयोगशाळा सोडता यायची नाही, म्हणून रविवार ठरला. मुख्याध्यापक सर एवढंच म्हणाले, "रविवार म्हणताय? बघा बरं." मला त्यातलं काही कळलं नाही. मी मूळची लातूरची. रविवार हा जोतिबाचा वार, हे ऐकून माहीत होतं. त्याचा शाळेच्या हजेरीशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

पहिल्या रविवारी वर्ग भरला. दिवाळीनंतर निम्म्यावर आला. उत्तरचाचणी मी फेब्रुवारीतल्या एका रविवारी ठेवली, आणि तो निघाला माघातल्या खेट्यांचा रविवार. कोल्हापुरातून पहाटे अनवाणी निघालेली माणसं डोंगर चढत होती, एसटीत उभं राहायला जागा नव्हती आणि क्लबात अकरा मुलं होती. त्या अकरा जणांची सरासरी बघून आम्ही खूश झालो. अहवालात गळतीसाठी एक ओळ लिहायची होती. मी लिहिलं : 'काही विद्यार्थ्यांनी रस नसल्याने क्लब सोडला.' हे मी कुणालाही न विचारता लिहिलं होतं.

पुढच्याच रविवारी पाहुण्यांना घेऊन देवळात गेले. पायऱ्यांच्या कडेला गुलाल-खोबरं आणि दवण्याच्या एका दुकानात आमच्या क्लबातली एक मुलगी बसली होती. सुरुवातीचे पाच-सहा रविवार ती न चुकता आली होती, नंतर दिसली नव्हती. मला बघितल्याबरोबर तिनं विचारलं, "ताई, त्या ओलाव्याच्या यंत्राचं फुडं काय झालं?" मी विचारलं, मग तू यायची का थांबलीस? ती म्हणाली, "रविवारी कसं येऊ ओ ताई? आई एकटी पडत्या." एका हातानं नारळ देत, दुसऱ्या हातानं सुटे पैसे मोजत ती पुढचा प्रश्न विचारत होती : सेन्सर मातीत ठेवला की काही दिवसांनी गंजतो, मग आकडा खरा कसा? (प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या स्वस्त सेन्सरच्या पट्ट्यांमधून सतत वीज वाहत राहिली की त्या झिजतात आणि वाचन सरकत जातं. क्लबात नियमित येणाऱ्या अकरा जणांपैकी कुणीही हे विचारलं नव्हतं.)

माझ्या अहवालात मात्र ती 'रस नसलेली' होती.

आता यातलं गणित बघू, कारण हा फक्त भावनेचा मामला नाही. आकडे कल्पित घेते. समजा, पूर्वचाचणीला ३० मुलं बसली आणि २० पैकी सरासरी ९ आली. शेवटी उरलेल्या १२ मुलांची सरासरी १३ आली. प्रबंधात लिहिलं जाईल, चार गुणांची वाढ. पण त्या १२ मुलांची पूर्वचाचणीतली सरासरी वेगळी काढून बघा. समजा ती १२ होती आणि निघून गेलेल्या १८ जणांची ७. बेरीज तपासा : १४४ अधिक १२६ म्हणजे २७०, भागिले ३० म्हणजे ९. म्हणजे जी मुलं टिकली त्यांच्यात खरी वाढ एकाच गुणाची. बाकीचे तीन गुण १८ मुलं बाहेर गेल्यामुळे आलेत. त्या एका गुणातही तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवल्याचा वाटा असणार, आणि तीन महिन्यांत शाळेत जे शिकवलं गेलं त्याचाही.

यावर मार्गदर्शकांचं ठरलेलं उत्तर येतं, "मग नियंत्रण गट घ्या." आणि तो कुठून घेतला जातो? त्याच वर्गातली, क्लबला न येणारी मुलं! याला मी सुधारणा म्हणणार नाही, हा तोच दोष नव्या कपड्यांत आलाय. क्लबला येणारं मूल बरेचदा आधीच उत्सुक असतं, त्याला रविवारी घरी कुणी अडवत नाही, त्याच्याकडे बसचे पैसे असतात. क्लबानं काहीही शिकवलं नाही तरी ही मुलं पुढेच दिसतील. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण आपल्याच हजेरीपटात तो बसलेला असतो तेव्हा दिसत नाही.

मग ज्यांनी हे नीट केलं त्यांना काय सापडलं? ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाचा २००८ चा अभ्यास मी प्रत्येकाला वाचायला सांगते. गुजरातमध्ये ज्ञानशाला नावाची संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी शाळा चालवते. तिथे दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताचं एक सॉफ्टवेअर दोन पद्धतींनी वापरलं गेलं. एका पद्धतीत मुलं शाळेच्या वेळातला काही भाग वर्ग सोडून संगणकावर बसायची, दुसऱ्या पद्धतीत शाळेच्या वेळेबाहेर. कुठल्या शाळेला कार्यक्रम मिळणार हे सोडतीनं ठरवलेलं होतं, त्यामुळे उत्साही मुलंच संगणकाकडे गेली असं म्हणायला जागा नाही. निकाल असा : शाळेच्या वेळात वापरलं तिथे मुलं गणितात सरासरी ०.५७ प्रमाण विचलनानं मागे पडली. शाळेबाहेर वापरलं तिथे ०.२८ नं पुढे गेली, आणि आधी कच्च्या असलेल्या मुलांचा फायदा याहून मोठा होता.

संस्था तीच होती, सॉफ्टवेअरही तेच. फरक पडला तो संगणकाचा तास कशाच्या जागी आला, यामुळे. ज्ञानशालेतलं वर्गातलं शिकवणं चांगलं होतं, त्याचा वेळ खाल्ला की तोटा. रिकाम्या वेळात दिलं की फायदा. म्हणून 'क्लबचा परिणाम किती' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. क्लबच्या त्या दोन तासांत मूल एरवी काय करत असतं, हे कळल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत त्या दोन तासांची किंमत अगदी रोकडी होती. ती नसली की दुकानावर एक माणूस कमी.

पण लिंडनचा अभ्यास डोळे झाकून क्लबला लावू नका. तिथे मुलं गणिताची ठरलेली उदाहरणं सोडवत होती. क्लबात मूल स्वतःच्या मनानं काहीतरी बनवतं, निदान तशी अपेक्षा असते. त्याचं मोजमाप कसं करायचं यावर चाळीस वर्षांपूर्वी एक वाद झाला होता. सीमोर पेपर्ट यांनी लोगो या संगणकभाषेचा पुरस्कार केला; मुलं प्रोग्रॅम लिहायला लागली की त्यांची विचार करायची पद्धतच बदलेल असा त्यांचा दावा. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तो तपासला. लोगो शिकलेली आणि न शिकलेली मुलं नियोजनाच्या कामात सारखीच निघाली. पेपर्ट १९८७ मध्ये उत्तरादाखल म्हणाले की प्रश्नच चुकीचा विचारलाय. संगणक म्हणजे गोळी नव्हे, की दिली आणि परिणाम मोजला. भोवतालची संस्कृती सोडून एकट्या यंत्राचा परिणाम मोजता येत नाही.

हा मुद्दा मला मान्य आहे आणि तरी तो थोडा पळवाटीचा वाटतो. प्रत्येक नकारात्मक निकालावर 'तुमच्याकडे योग्य संस्कृती नव्हती' असं म्हणता येत असेल, तर हा दावा कधी चुकीचा ठरूच शकत नाही. आणि जे चुकीचं ठरू शकत नाही त्यावर प्रबंध कसा लिहिणार?

मोजायची दुसरी एक वाट मला जास्त प्रामाणिक वाटते. २००८ मध्ये जॉन मॅलोनी आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधल्या एका संगणक क्लबातले, अठरा महिन्यांत मुलांनी स्क्रॅचमध्ये केलेले ५३६ प्रकल्प तपासले. 'तुम्हाला तंत्रज्ञान आवडतं का' असली पाच पर्यायांची प्रश्नावली नाही. मुलांनी काय केलं ते उघडून बघितलं. त्यांपैकी १११ प्रकल्पांत प्रोग्रॅमची एकही ओळ नव्हती, नुसती चित्रं आणि आवाज. हा आकडा त्यांनी लपवला नाही, म्हणून बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो. अर्थात इथेही मोजले ते प्रकल्पच. ज्या मुलानं काहीच बनवलं नाही किंवा जे दाराशी येऊन परत गेलं, ते या ५३६ मध्ये येणारच नाही.

आणि क्लबच का, हाही प्रश्न आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत आठवड्यातून एक दिवस, शाळेच्याच वेळात चालतो. वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, रक्तगट तपासणी अशी कामं सगळी मुलं करतात आणि गावातली छोटी कामं पैसे घेऊन करून देतात. वेळापत्रकातला विषय असल्यामुळे रविवारी दुकानात बसणारी मुलगीही त्यात आपोआप येते. संशोधक म्हणून माझ्यासाठी याची किंमत मोठी आहे, कारण निवडीचा निम्मा गुंता तिथेच सुटतो. पण लिंडनचा इशारा इथे लागतोच : तो एक दिवस कुठल्या तासांच्या जागी आला, हे विचारावं लागेल.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबबद्दल एवढंच. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, अशा प्रयोगशाळांचा आकडा देशात १० हजारांच्या वर गेलाय. त्यावर प्रबंध करणार असाल तर लॅबची संख्या हा तुमचा निष्कर्ष नाही. कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं आणि तेव्हा आत कोण असतं, तिथून सुरुवात करा.

आम्ही दुसऱ्या वर्षी क्लब बुधवारी शाळा सुटल्यावर घेतला. डोंगरावरची दुकानवाली मुलं परत आली, ती मुलगीही. आणि लांबच्या वाड्यांवरची मुलं गळाली, कारण त्यांची शेवटची एसटी चुकायला लागली. म्हणजे वार बदलला तशी 'रस नसलेली' मुलंही बदलली. या वेळी निदान मी कारण विचारून लिहिलं.

मैत्रिणीला मी तीन गोष्टी सुचवल्या. जितकी मुलं नाव देतील त्यांच्यात चिठ्ठ्या टाक, निम्म्यांना पहिल्या सत्रात घे, निम्म्यांना दुसऱ्या. म्हणजे वाट बघणारी मुलं हाच तुझा नियंत्रण गट, आणि कुणावर अन्यायही नाही. मध्येच सोडून गेलेल्यांनाही घरी जाऊन उत्तरचाचणी दे आणि ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात त्यांना मोज. आणि दृष्टिकोनाच्या प्रश्नावलीबरोबर मुलांनी बनवलेल्या वस्तूही तपास, अर्धवट राहिलेल्यासुद्धा.

परवा तिचा सुधारलेला प्रस्ताव आला. चिठ्ठ्यांचं तिनं घेतलंय. हजेरीच्या तक्त्यात एक रकाना वाढवलाय, 'आली/आला नाही : कारण (घरी विचारून)'. त्यावर तिच्या मार्गदर्शकांनी पेन्सिलीनं लिहिलंय, "हे भरायला दर आठवड्याला कोण जाणार?" अजून तिनं उत्तर दिलेलं नाही. मी म्हटलंय, पहिले चार आठवडे मी येते.