पटकथेची उमेदवारी : सत्यजित राय आणि विजय तेंडुलकर

पटकथेला साहित्यप्रकार म्हणावे की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेत अधूनमधून उपस्थित होतो आणि बहुधा अनिर्णित राहतो. त्याच्याशी निगडित असलेला दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : पटकथा लिहायला माणूस शिकतो कसा? कविता किंवा कथा लिहू पाहणाऱ्यासमोर त्या त्या प्रकाराची परंपरा छापील रूपात उपलब्ध असते. पटकथेच्या उमेदवाराला ही सोय नसते. त्याच्यासमोर असतो तो पूर्ण झालेला चित्रपट. ज्या संहितेच्या आधारे तो घडला, ती संहिता चित्रीकरण संपले की बहुधा कपाटात किंवा रद्दीत जाते. छापल्या गेलेल्या अनेक पटकथाही तयार चित्रपटावरून मागाहून लिहून काढलेल्या असतात. त्यामुळे नवशिक्याला गणिताचे उत्तर तेवढे मिळते, रीत मिळत नाही.

ही उणीव मार्गदर्शक पुस्तकांनी भरून काढली आहे. सिड फील्ड यांचे ‘स्क्रीनप्ले’ हे पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले. एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, सुमारे १२० पानांची पटकथा आणि तिची साधारण ३०, ६० व ३० पानांच्या तीन अंकांत विभागणी, हा त्याचा आराखडा पुढे जगभर शिकवला गेला. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. कोऱ्या कागदाला घाबरलेल्या उमेदवाराला तो हात देतो. परंतु तो एक गोष्ट गृहीत धरतो. सांगितलेली घटना आणि दाखवलेली घटना यांतील फरक शिकणाऱ्याला आधीच कळलेला आहे, असे हे गृहीत आहे. वास्तविक पटकथेचे शिक्षण सुरू होते ते नेमके या फरकापासून. प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन भारतीय उमेदवाऱ्यांचा तौलनिक विचार केला आहे. सत्यजित राय चित्रकलेकडून पटकथेकडे आले, विजय तेंडुलकर नाटकाच्या संवादाकडून. दोघांच्या वाटा परस्परविरुद्ध असल्या तरी त्यांच्या शिक्षणाचे स्वरूप एकच होते, आणि ते मुळात तुलनेचे होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

राय यांनी शांतिनिकेतनात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १९४३ पासून कलकत्त्यातील एका जाहिरातसंस्थेत नोकरी केली. चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था त्या काळी देशात नव्हती. पुण्याची चित्रपटसंस्था १९६० मध्ये स्थापन झाली. राय यांनी स्वतःपुरती एक पद्धत तयार केली. एखाद्या साहित्यकृतीवर चित्रपट निघणार अशी घोषणा झाली की ते त्या कृतीची पटकथा स्वतः लिहीत आणि चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दोहोंची तुलना करीत. या सरावात मूळ कृती, स्वतःची पटकथा आणि दुसऱ्याचा चित्रपट असे तीन पाठ समोर येत. एकच प्रसंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी उभा राहिलेला पाहणे, हाच या शाळेचा अभ्यासक्रम होता.

मात्र या पद्धतीने यश लगेच आले नाही, हे विसरता कामा नये. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात राय यांनी रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीची पटकथा लिहिली. निर्मात्याने सुचवलेले बदल त्यांनी अमान्य केले आणि तो चित्रपट झालाच नाही. पुढे अनेक वर्षांनी ती पटकथा पुन्हा वाचल्यावर ती त्यांना उथळ आणि हॉलिवूडच्या वळणाची वाटली, व चित्रपट झाला नाही हे बरेच झाले, असे त्यांनी नमूद केले. ‘घरे बाइरे’ शेवटी पडद्यावर आली ती १९८४ मध्ये, नव्या पटकथेसह. पहिल्या पटकथेतील दोष रचनाकौशल्याच्या अभावाचा नव्हता. उसन्या आराखड्यात कादंबरी बसवण्याचा तो दोष होता, आणि मार्गदर्शक पुस्तकाच्या वाचकालाही नेमका हाच धोका संभवतो.

‘पथेर पांचाली’च्या वेळी राय यांनी उलट मार्ग घेतला. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या या कादंबरीच्या किशोर आवृत्तीसाठी त्यांनी चित्रे काढली होती. म्हणजे पटकथेचा विचार पक्का होण्याआधीच कादंबरीतील काही प्रसंग त्यांच्या हातून रेषेत उतरले होते. १९५० मध्ये लंडनहून परतताना त्यांनी बोटीवर चित्रपटाचे टाचण केले. पारंपरिक अर्थाने पूर्ण अशी पटकथा या चित्रपटाला नव्हतीच. होती ती रेखाटनांची व टिपणांची वही.

या उमेदवारीचे फलित एका प्रसंगात स्पष्ट दिसते. दुर्गाच्या मृत्यूनंतर कुटुंब गाव सोडून निघते, तेव्हा तिने कधीकाळी केलेल्या चोरीचा पुरावा अपूच्या हाती लागतो. कादंबरीत ती सोन्याची छोटी डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. चित्रपटात डबीऐवजी मण्यांची माळ आहे आणि अपू ती तळ्यात टाकतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. कादंबरीत निवेदक वाचकाच्या सोबतीला असतो, त्यामुळे बांबूच्या बनात पडलेल्या वस्तूचे मौन तो शब्दांनी भरू शकतो. कॅमेऱ्यापुढे बांबूच्या बनात टाकलेली वस्तू केवळ दिसेनाशी होईल. तळ्यातली माळ मात्र दिसेनाशी होताना दिसते, आणि गुपित कायमचे झाकले गेल्याचा अर्थ त्या मिटत्या शेवाळातून प्रकट होतो. येथे घटना बदललेली नाही. घटनेचे स्थळ बदलले आहे, आणि ते का बदलावे लागले हे दोन्ही पाठ शेजारी ठेवल्यावाचून उमगत नाही.

अशा बदलांची किंमतही मोजावी लागते. कादंबरीत भावंडांचा आगगाडी पाहण्याचा बेत फसतो आणि ती पाहण्याची इच्छा मनात ठेवूनच दुर्गा जाते. चित्रपटात दोघे काशफुलांच्या रानातून धावतात, गाडी पाहतात, आणि परततात तेव्हा म्हातारी इंदिर ठाकरुण मरणासन्न सापडते. गती आणि अंत यांचे हे सान्निध्य चित्रपटाची कमाई आहे. दुर्गाच्या अपुऱ्या इच्छेतील करुण हे त्याचे नुकसान. ‘मूळ कृतीशी निष्ठा’ या एकाच निकषावर दोहोंचा निकाल लावणारी समीक्षा हा हिशेब मांडू शकत नाही. उमेदवाराला मात्र तो मांडावाच लागतो, कारण निर्णय त्याला घ्यायचा असतो.

तेंडुलकरांची उमेदवारी वेगळी. पटकथेकडे वळले तेव्हा ते नवखे लेखक नव्हते, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे त्यांचे नाटक गाजलेले होते. परंतु प्रस्थापित लेखकही नव्या माध्यमात उमेदवारच असतो, किंबहुना त्याला आधीची सवय मोडावी लागत असल्यामुळे त्याचे काम अधिक अवघड होते. याच नाटकावरील सत्यदेव दुबे दिग्दर्शित चित्रपट (१९७१), जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आणि पुढे श्याम बेनेगल व गोविंद निहलानी यांचे हिंदी चित्रपट असा त्यांचा प्रवास आहे. ‘सामना’मध्ये साखरसम्राट आणि मद्यपी मास्तर यांचा संघर्ष अजूनही मुख्यतः शब्दांचा आहे. एक नाहीसा झालेला माणूस सर्वांच्या बोलण्यातून वावरतो, ही क्लृप्ती नाटककाराची आहे.

हिंदी चित्रपटांत परिस्थिती बदलते. तेथे पटकथा आणि संवाद यांचे श्रेय वेगवेगळे देण्याचा प्रघात आहे. ‘निशांत’ (१९७५) आणि ‘आक्रोश’ (१९८०) यांचे संवाद सत्यदेव दुबे यांचे, ‘मंथन’चे (१९७६) कैफी आझमी यांचे, तर ‘अर्धसत्य’चे (१९८३) वसंत देव यांचे आहेत, पटकथा तेंडुलकरांची. तुटक, अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यांत माणसाचे हिंस्र मन उघडे करणारा हा नाटककार येथे आपल्या सर्वांत धारदार हत्यारावाचून काम करतो. शब्द दुसऱ्याचे, भाषाही दुसरी; त्याच्याकडे उरतो तो प्रसंगांचा क्रम, पात्रांची समोरासमोर येण्याची जागा आणि मौन. ‘आक्रोश’मधील लहान्या भिकू हे या शिक्षणाचे टोक म्हणता येईल. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला हा आदिवासी आपल्या वकिलाशीही बोलत नाही. खटल्याच्या कथेत, जिथे प्रत्येकाने बोलणे अपेक्षित असते, तिथे केंद्रस्थानी न बोलणारा माणूस आहे. ‘शांतता!’तील बेणारे बाईंना नाटककाराने दीर्घ स्वगत दिले होते. भिकूला पटकथाकाराने तेही दिलेले नाही. तो जे म्हणतो ते अखेरीस बापाच्या चितेजवळ, कुऱ्हाडीने आणि किंकाळीने.

अर्थात तेंडुलकरांना केवळ शब्दांचे लेखक ठरवणे अन्यायाचे होईल. ‘घाशीराम कोतवाल’मधील (१९७२) माणसांची भिंत त्यांच्या दृश्यविचाराची साक्ष देते. तसेच पटकथा व संवाद यांची फारकत ही व्यवसायाची सोय होती, कोणी आखलेला अभ्यासक्रम नव्हे. तरीही परिणाम लक्षणीय आहे. न्यायालयातील एकाच प्रकारचा प्रसंग नाटक व पटकथा अशा दोन पाठांत तपासला, तर एका लेखकाने काय सोडले आणि त्या बदल्यात काय मिळवले, हे दाखवता येते.

या दोन उदाहरणांवरून सर्वांसाठी नियम काढणे धाडसाचे ठरेल. राय यांच्यापाशी पुस्तके होती, १९४७ मध्ये मित्रांसह स्थापन केलेली कलकत्ता फिल्म सोसायटी होती. तेंडुलकरांपाशी रंगभूमीचा अनुभव आणि सहकारी होते. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यापाशी यांतील काही नसते, आणि त्याच्यापर्यंत मार्गदर्शक पुस्तक आधी पोहोचते, हा त्या पुस्तकाचा लोकशाही गुण मान्य केला पाहिजे. परंतु आज चित्रपट सहज उपलब्ध आहेत आणि कादंबरी ग्रंथालयात आहे. दोहोंच्या मधला, हरवलेला पाठ तेवढा विद्यार्थ्याने लिहावयाचा आहे. चित्रपट पाहण्यापूर्वी कादंबरीतील एका प्रकरणाची पटकथा त्याने लिहावी, मग चित्रपट पाहावा, आणि प्रत्येक फरकाचे कारण शोधावे.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या विभागांनी हा सराव चित्रपटसंस्थांकडे सोपवून मोकळे होऊ नये. माध्यमांतराचा अभ्यास आपल्याकडे बहुधा तयार कृतींच्या याद्या आणि निष्ठेचे निवाडे यांत अडकून राहतो. निर्णय घेताना लेखकापुढे कोणते पर्याय होते, हे स्वतः एकदा निर्णय घेऊन पाहिलेल्या अभ्यासकाला अधिक नेमके सांगता येते. पटकथेची उमेदवारी अशा अभ्यासकाला पटकथाकार करीलच असे नाही. तळ्यातल्या माळेचा आणि भिकूच्या मौनाचा अर्थ लावण्यास मात्र ती त्याला समर्थ करू शकते.