मन्स्टर, गो होम !

मन्स्टर, गो होम ! : अमेरिकन विनोदी कौटुंबिक चित्रपट (१९६६). ‘द मन्स्टर्स’ (१९६४–६६) या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेवरून युनिव्हर्सल या चित्रसंस्थेने तो निर्माण केला. दिग्दर्शन अर्ल बेलॅमी यांचे असून पटकथा जॉर्ज टिबल्स, जो कॉनेली व बॉब मोशर यांची आहे. लांबी सु. ९६ मिनिटे. मालिका कृष्णधवल, तर चित्रपट टेक्निकलरमध्ये आहे. हा फरक वरकरणी तांत्रिक वाटला, तरी चित्रपटाचे गुणदोष बव्हंशी त्यातूनच उद्‌भवलेले आहेत.

मूळ मालिका सीबीएस या वाहिनीवर २४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरू झाली व तिचे ७० भाग प्रक्षेपित झाले. तिची आरंभीची कल्पना ॲलन बर्न्स व ख्रिस हेवर्ड यांची. निर्माते कॉनेली व मोशर यांनी त्यापूर्वी ‘लीव्ह इट टू बीव्हर’ (१९५७–६३) ही उपनगरातील सुखवस्तू कुटुंबावरची सोज्ज्वळ मालिका काढली होती. तोच साचा त्यांनी येथे वापरला. कामावरून दमूनभागून येणारा भोळा बाप, घर सांभाळणारी समंजस आई, शाळकरी मुलगा, आजोबा आणि भाची असे हे कुटुंब आहे. मात्र बाप हर्मन हा फ्रँकेन्स्टाइनच्या कथेतील जोडीव देहाचा राक्षस, आई लिली व आजोबा हे रक्तपिपासू पिशाचकुळातले आणि मुलगा एडी हा वृकमानव. भाची मॅरिलिन तेवढी सर्वसाधारण रूपवती तरुणी. तिच्या ‘कुरूपते’ची घरातील सर्वांना कीव येते. हर्मन अंत्यसंस्कारगृहात नोकरी करतो, कर भरतो आणि शेजारी आपल्याला पाहून पळतात, याचे त्याला प्रामाणिकपणे नवल वाटते. मालिकेतील सर्व विनोद या एका अज्ञानावर आधारलेला आहे.

राक्षसांविषयीची ही घरगुती जवळीक अकस्मात निर्माण झाली नव्हती. युनिव्हर्सलचे ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ (दोन्ही १९३१), तसेच ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) हे भयपट गाजून जुने झाले होते. १९५७ मध्ये त्या संस्थेच्या ५२ जुन्या चित्रपटांचा संच दूरचित्रवाणी केंद्रांना देण्यात आला आणि एके काळी चित्रपटगृहात घाबरविणारी ही भुते मुलांच्या दिवाणखान्यात येऊन बसली. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचे चपटे मस्तक व मानेतील खिळे ही सुपरिचित रंगभूषा युनिव्हर्सलच्या मालकीची असल्याने मालिकेला ती जशीच्या तशी वापरता आली. मालिकेचा पहिला नमुनाभाग रंगीत होता. पुढे कृष्णधवल चित्रणाचा निर्णय झाला. त्यामुळे खर्च वाचला हे खरेच. परंतु त्या करड्या छायेमुळे हर्मन थेट १९३१ च्या चित्रपटातून उतरून न्याहारीच्या मेजावर येऊन बसल्याचा भास होई, हा लाभ अधिक मोलाचा होता.

जानेवारी १९६६ मध्ये एबीसी वाहिनीने नेमक्या त्याच वेळी ‘बॅटमॅन’ ही भडक रंगांची मालिका सुरू केली. तिच्यापुढे मन्स्टर कुटुंबाची पीछेहाट झाली व मे १९६६ मध्ये मालिका संपली. चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला. म्हणजे ज्या रंगांनी मालिकेला मागे टाकले, तेच रंग लेवून हे कुटुंब प्रेक्षकांपुढे आले.

कथानक साधे आहे. इंग्लंडमधील एक नातलग लॉर्ड मरण पावतो व त्याचा किताब आणि ‘मन्स्टर हॉल’ ही गढी हर्मनकडे येते. कुटुंब जहाजाने निघते. प्रवासात हर्मनला समुद्र लागतो, आजोबा लांडगा होऊन बसतात आणि मॅरिलिनचे रॉजर या इंग्रज तरुणावर प्रेम जडते. गढीवर लेडी एफिजी, तिचा लाडावलेला मुलगा फ्रेडी व मुलगी ग्रेस हे वारसा हातचा गेल्याने खवळलेले असतात. शिवाय तळघरात खोट्या नोटा छापण्याचा उद्योग चालू असतो. पाहुण्यांना भिवविण्याचे बेत फसतात आणि शेवट मोटारींच्या शर्यतीने होतो. तीत हर्मन शवपेटीपासून बनविलेली ‘ड्रॅगुला’ ही मोटार चालवितो. ही मोटार जॉर्ज बॅरिस यांच्या कर्मशाळेत तयार झाली होती.

चित्रपटाची खरी उणीव स्थळबदलात आहे. मालिकेतील मन्स्टरांचे जीर्ण घर नीटनेटक्या बंगल्यांच्या रांगेत उभे असे. हिरवळीची निगा राखणाऱ्या शेजाऱ्यांमुळेच ते हास्यास्पद ठरे. चित्रपटात त्यांना कोळिष्टके, भुयारे व छळघर असलेल्या गढीत नेले आहे. तेथे ते चपखल शोभतात. आणि चपखल शोभणाऱ्या माणसावर विनोद कसा करावा, हे पटकथाकारांना उमगलेले दिसत नाही. गढीतील भीतीचे प्रकार कुटुंबाला सुखावह वाटतात, हा विनोद एकदा चांगला साधतो, परंतु पुढे त्याचीच आवृत्ती होत राहते.

याहून गंभीर गोष्ट पूर्वग्रहाविषयी आहे. ट्रान्सिल्व्हेनियाहून आलेले, चमत्कारिक खाणेपिणे असलेले व तरीही स्वतःला अस्सल अमेरिकन समजणारे हे कुटुंब म्हणजे स्थलांतरितांचे व्यंगचित्रच होय. अमेरिकेत स्थलांतरितांसाठी असलेली राष्ट्रनिहाय कोट्याची पद्धत मालिका चालू असतानाच, १९६५ च्या कायद्याने, रद्द ठरविण्यात आली. मालिकेत शेजाऱ्यांच्या भीतीला हर्मनच्या चेहऱ्याखेरीज कोणतेही कारण नसे. एका भागात तर तो एडीला, माणसाची पारख रूपावरून करू नये, असे समजावतो आणि तो प्रसंग विनोदी मालिकेच्या मानाने बराच गंभीर होतो. चित्रपटातील गावकरी मन्स्टर हे नाव ऐकताच बिथरतात. पण त्यांच्या रागाला जुन्या वैराची पार्श्वभूमी दिलेली आहे. दुष्ट नातलग उघडे पडले, की प्रश्न मिटतो. पूर्वग्रहाला सबळ कारण मिळताच तो पूर्वग्रह राहत नाही व मालिकेतील विनोदाची धार बोथट होते. परदेशातील अमेरिकन सैनिकांना उद्देशून दिल्या जाणाऱ्या ‘यांकी, गो होम’ या घोषणेची आठवण शीर्षकाने करून दिली आहे खरी. परंतु ज्यांना स्वतःच्याच गल्लीत कोणी ‘घरी जा’ म्हणू शकेल, त्यांना ते परदेशी ऐकविण्यातला उपरोध चित्रपटाने हाताशी असून वाया घालविला.

अभिनयाची बाजू मात्र भक्कम आहे. फ्रेड ग्विन (१९२६–९३) यांनी जड पोशाख, उंच टाचांचे बूट आणि रंगाचे थर यांच्याआडून एका निरागस, रागावला तर पाय आपटणाऱ्या मोठ्या मुलाची भूमिका जिवंत केली आहे. मोठ्या पडद्यावर त्यांचे डोळे स्पष्ट दिसतात, हा रंगीत चित्रणाचा एक निर्विवाद फायदा. मालिकेतील ध्वनिमुद्रित हशा येथे नसल्याने त्यांच्या वाक्यांमागची खिन्नताही जाणवते. ग्विन व ॲल लूइस (आजोबा) यांची जोडी ‘कार ५४, व्हेअर आर यू ?’ (१९६१–६३) या मालिकेपासून जमलेली होती. लूइस यांचा जन्म १९२३ चा, तर त्यांच्या ‘मुली’चे काम करणाऱ्या यिव्हॉन डी कार्लो यांचा १९२२ चा, रंगभूषेच्या कौशल्याला याहून चांगले प्रशस्तिपत्र नाही. मॅरिलिनच्या भूमिकेत पॅट प्रीस्ट यांच्याऐवजी डेबी वॉटसन आहेत. ही निवड व्यापारी सोयीची वाटते आणि भूमिकेत वाव नसल्याने तिने काही बिघडतही नाही.

इंग्रज पात्रांत टेरी-टॉमस (फ्रेडी) व हर्मायनी गिंगोल्ड (लेडी एफिजी) लक्षात राहतात. प्रौढ वयात आईपुढे हातपाय झाडणारा फ्रेडी हा हर्मनच्या बालिशपणाचे विकृत प्रतिबिंब आहे. दोघांना समोरासमोर अधिक वेळ मिळता, तर चित्रपटाची उंची वाढली असती. वृद्ध नोकर क्रुकशँकच्या भूमिकेत जॉन कॅरडीन आहेत. १९४४ व १९४५ मधील युनिव्हर्सलच्या भयपटांत ड्रॅक्युला साकारणाऱ्या या नटाला ड्रॅक्युलाच्या विनोदी अवतारापुढे सेवक म्हणून उभे करणे, ही चित्रपटातील सर्वांत सूक्ष्म थट्टा होय. बेलॅमी यांचे दिग्दर्शन दूरचित्रवाणीच्या सवयीचे, नेटके पण सपाट आहे. शर्यतीच्या दृश्यांत मात्र वेग येतो.

एकाच आठवड्याच्या अंतराने सुरू झालेल्या ‘द ॲडम्स फॅमिली’ या प्रतिस्पर्धी मालिकेवरील चित्रपट १९९१ मध्ये निघाला. त्यातील कुटुंब आपले वेगळेपण मिरविते, त्यामुळे ते कोठेही नेले तरी चालते. मन्स्टरांना मात्र सामान्य शेजार लागतोच. मूळ नटांपैकी ग्विन, डी कार्लो व लूइस ‘द मन्स्टर्स रिव्हेंज’ (१९८१) या दूरचित्रवाणी चित्रपटात पुन्हा एकत्र आले. रॉब झाँबी यांच्या ‘द मन्स्टर्स’ (२०२२) या चित्रपटात हर्मन व लिली यांच्या विवाहाची पूर्वकथा आहे. तोही भडक रंगांचा. परंतु त्याच्या अखेरीस हे कुटुंब अमेरिकेत येते, शेजारी साधी माणसे आहेत हे पाहून हादरते आणि जेथून मालिका सुरू होते, तेथे येऊन पोहोचते.