मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील ईश्वराची क्षमाशीलता: एक परामर्श

फादर थॉमस स्टीफन्सकृत ‘क्रिस्तपुराणा’चें नांव ज्यास ठाऊक नाहीं असा जुन्या पोथ्यांचा संग्राहक महाराष्ट्रांत विरळाच. परंतु या ग्रंथाचा परिचय बहुतेकांस केवळ मराठी भाषेच्या स्तुतीच्या चार-पांच ओव्यांपुरता असतो. त्या ओव्या भाषणांत येतात, पाठ्यपुस्तकांत येतात, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचा उरलेला ग्रंथ न वाचतांच मिटला जातो. ज्या विषयासाठीं कवीनें एवढा खटाटोप केला, तो विषय म्हणजे अपराधी मनुष्यावर ईश्वराची न सरणारी माया. त्याचें परीक्षण झाल्यावांचून ग्रंथाचें मोल ठरविणें म्हणजे देऊळ न पाहतां महाद्वाराच्या कोरीव कामावरून मूर्तीचें वर्णन करणें होय. म्हणून या विषयासंबंधानें कांहीं विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ग्रंथाची रचना पाहूं. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर आहेत. दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र आहे. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्माच्या पूर्वीपर्यंतची कथा आहे. कित्येक टीकाकार पहिल्या पुराणास केवळ प्रस्तावना समजतात. आमचें मत याहून निराळें आहे. आदिपुरुषाच्या हातून पाप घडतें, त्याच वेळीं तारणाचें वचन मिळतें, आणि मग पिढ्यांमागून पिढ्या लोटतात. लोक वचन विसरतात, पुनः अपराध करितात, शिक्षा भोगतात, पुनः आश्रय पावतात. हें सर्व पुराणिकाच्या संथ चालीनें ऐकतां ऐकतां श्रोत्यासहि वाट पाहण्याचा अनुभव येतो. ईश्वर क्षमाशील आहे हें कवीला एका वाक्यांत सांगतां आलें असतें. त्यानें तें ग्रंथाच्या लांबीनें सांगितलें आहे. हा गुण मराठी पुराणपद्धतीचा आहे, आणि तिचा आश्रय करण्यांत या इंग्रज जेझुइटाची खरी रसिकता दिसते.

आतां दुसरी बाजू. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं निवर्तला. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग साष्टी प्रांतांत गेला, आणि त्याचा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघाला. त्याच रायतूरच्या किल्लेदारानें १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडविलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीस जेझुइट पाद्री मारले गेले व मागाहून गांवच्या पुढाऱ्यांस दगा देऊन ठार करण्यांत आलें. ज्या श्रोत्यांस ईश्वराच्या सबुरीची कथा ऐकविली जात होती, त्यांच्या राज्यकर्त्यांपाशीं सबुरी म्हणून नव्हती. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें तीन वर्षांत देशी भाषा टाकण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्या भाषेनें ही दया गाइली, तिच्यावरच दया झाली नाहीं. ग्रंथांत मूर्तिपूजेवर जागोजाग कठोर प्रहार आहेत. ते वाचतांना हा इतिहास विसरतां येत नाहीं, व विसरूंहि नये. तथापि कवीच्या दोषांत राज्यकर्त्यांचे दोष मिसळून सर्व ग्रंथ त्याज्य ठरविणें हा न्याय नव्हे. उलट, त्या काळच्या सत्तेस दोष देण्याचें माप याच ग्रंथांतील शिकवणुकींत सांपडतें, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

पाठनिर्णयाच्या दृष्टीनेंहि हा विषय गौण नाहीं. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. सालढाणा यांची १९०७ ची मंगळूर आवृत्ति रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून झाली. पुढें लंडन येथील मार्सडेन संग्रहांत देवनागरी प्रत आढळली व १९२३ सालीं जस्टिन अॅबट यांनीं तिजकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें. रोमन प्रतींतील लातिन-पोर्तुगीज परिभाषेच्या जागीं या प्रतींत संस्कृत शब्द येतात. त्यावरून कोणतें मूळ व कोणतें मागाहूनचें, हा वाद चालला. तेथें एक पथ्य पाळणें अवश्य आहे. ‘कृपा’, ‘दया’, ‘माउली’ असे शब्द दिसतांच तेथें हिंदु लेखकाचा हात फिरला असें अनुमान करणें धोक्याचें आहे. इब्री भाषेंत दयेस जो ‘रहमीम’ शब्द आहे, त्याचा संबंध ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशीं आहे. ईश्वराची माया आईच्या पोटांतून यावी तशी येते, ही कल्पना पंढरीच्या वाटेवर जशी आहे तशीच ती बायबलाच्या जुन्या करारांतहि आहे. तेव्हां केवळ शब्दावरून पोथीचें कुलगोत्र ठरवूं नये.

आतां आमच्या नागपूरकडे वळूं. भोसल्यांच्या महालाशीं या वाङ्मयाचा संबंध काय, असें कोणी विचारील. श्रीरामपूरच्या छापखान्यांत डॉ. केरी यांचे हाताखालीं वैजनाथ पंडित काम करीत. वाङ्मयेतिहासकार त्यांस नागपूरकडील म्हणून ओळखतात. मत्तयाचें मराठी शुभवर्तमान १८०५ सालीं व नवा करार १८११ सालीं तेथें निघाला. आणि १८१६ सालीं त्याच छापखान्यांतून वैजनाथांची ‘राघोजी भोसल्याची वंशावळी’ बाहेर पडली. राजवंशाची हकीकत व ख्रिस्ताची वार्ता या दोहोंस एकाच पंडिताच्या भाषेचा आधार मिळाला, ही गोष्ट नागपूरच्या संशोधकांनीं विसरण्याजोगी नाहीं. पुढें १८४५ सालीं स्टीफन हिस्लॉप येथें आले; त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालीं निघालें, आणि ‘जुनें हिस्लॉप कॉलेज’ हें महालांतील स्थळनाम अजून लोकांच्या तोंडीं आहे.

भाषांतरकाराची अडचण येथील दप्तरें चाळणाऱ्यास चटकन् कळेल. दरबारी पत्रांत ‘कृपा’ ही वरून खालीं येते. धन्याची मर्जी असेतों ती असते, मर्जी फिरली कीं जाते. ख्रिस्ती धर्मांतील कृपा मर्जीवर अवलंबून नाहीं. ती वचनावर उभी आहे. तोच शब्द वापरून निराळा अर्थ वाचकाच्या मनांत उतरविणें हें सोपें काम नव्हे.

याहून सूक्ष्म अडचण लूकच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असतां आपला वांटा मागतो, परदेशीं जाऊन सर्व उधळतो, उपाशी मरूं लागतां परत येतो. बाप त्यास दुरून पाहतो व धांवत सामोरा जातो. मिताक्षरेच्या मतें वाडवडिलार्जित धनावर पुत्राचा अधिकार जन्मतःच असतो. त्यामुळें वाटणीपत्रें पाहून सरावलेल्या आमच्या वाचकास मुलाच्या मागणींत बापाचा घोर अपमान आहे हें एकदम जाणवत नाहीं. उलट थोरल्या भावाची तक्रार त्यास तत्काळ पटते. कारण जो विभक्त झाला त्याचा उरलेल्या धनावर हक्क कसला? विभक्त झालेल्यानें पुनः एकत्र होण्यास धर्मशास्त्रांत ‘संसृष्टि’ म्हणतात, आणि ती परस्परांच्या संमतीनें होते. दृष्टांतांतील बाप मात्र हिशेब विचारण्यापूर्वींच मिठी मारितो. धर्मशास्त्राच्या या पार्श्वभूमीवर दृष्टांत वाचला म्हणजे त्यांतील दया स्वस्त नाहीं, ती घरांत भांडण ओढवून घेणारी आहे, हें ध्यानांत येतें. मराठी टीकाकारांनीं हा मुद्दा अधिक उलगडावयास हवा होता.

या दयेस मराठींत सर्वांत सहज रूप दिलें तें नारायण वामन टिळक यांनीं. धर्मांतरापूर्वीं ते नागपुरांत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम करीत होते. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणारा विठ्ठल ज्यांच्या परिचयाचा, त्यांस ही भाषा परकी वाटत नाहीं. परंतु एक भेद टिळकांनीं राखिला आहे. त्यांची माउली वाट पाहून थांबत नाहीं; चुकलेल्या लेंकरास हुडकीत फिरते. कोठें कोठें मात्र ही कोमलता इतकी वाढते कीं अपराधाचें ओझें नाहींसें होतें, आणि क्षमेची किंमत कळत नाहीं. स्टीफन्सच्या कठोरपणानें जें जपलें, तें येथें किंचित् सैल झालें आहे.

तें सैल झालेलें सूत्र पुनः ताणून बसविलें लक्ष्मीबाईंनीं. पति न सांगतां ख्रिस्ती झाला, घर मोडलें, आणि त्यानंतर सुमारें पांच वर्षांनीं त्यांनीं स्वतः तो धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रें’ धर्मप्रचाराचा ग्रंथ नव्हे. पण दुखावलेल्या मनुष्यानें दुखविणाऱ्यास क्षमा करणें म्हणजे काय, हें त्यांत हंसत हंसत आणि कांहींहि न लपवितां सांगितलें आहे. टिळकांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ त्यांनींच पुरें केलें व तें १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. काव्यगुणांत तें टिळकांच्या अभंगांच्या मागें पडेल; तरी त्याच्या पूर्तींतच एका दीर्घ सबुरीचा पुरावा आहे.

सारांश, स्टीफन्समध्यें विस्तार, टिळकांत जिव्हाळा आणि लक्ष्मीबाईंत अनुभव, अशी या वाङ्मयाची वांटणी आम्हांस दिसते. एकाच विषयाचे हे तीन पाठ होत, व पाठभेद जुळविल्याखेरीज निर्णय देऊं नये हा आपल्या शास्त्राचा नियम येथेंहि लागू आहे. महालांतील जुन्या वाड्यांतून दप्तरें निघतात, तेव्हां धर्मविषयक छापील चोपड्या व पाद्र्यांचीं पत्रें रद्दींत घालण्याचा मोह आवरावा, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे. कोणापाशीं श्रीरामपुरी मुद्रणाची अथवा ‘क्रिस्तपुराणा’ची एखादी प्रत वा तुटकीं पानें असल्यास त्यांनीं प्रथम तीं अभ्यासकांस दाखवावीं.