मुलगा गुणी आहे, फक्त जागा बदलू

आजचा विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. ऐकणाऱ्यांपैकी जे अमेरिकेत राहतात त्यांच्याकडे हा खेळ हिवाळ्यात दर रविवारी टीव्हीवर चालू असतो. इतरांनी फार तर सिनेमात पाहिला असेल. नियम सांगत बसत नाही, एकच फरक लक्षात ठेवा. क्रिकेटमध्ये अकराव्या नंबरच्या गोलंदाजालाही कधीतरी बॅट घेऊन उतरावं लागतं. इथे तसं नाही. इथे जागा ठरली की काम ठरलं. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, आणि चाल सुरू होण्याआधी समोरच्यांची मांडणी वाचून आपल्या माणसांना ऐन वेळी बदल सांगतो. वाइड रिसीव्हर धावत जाऊन ती फेक झेलतो. कॉर्नरबॅक त्या रिसीव्हरला अडवतो. रनिंग बॅक चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसतो. यातलं कोण काय करणार हे बहुतेकदा सोळा-सतराव्या वर्षी ठरत जातं. कॉलेजचे प्रशिक्षक शिष्यवृत्ती देऊ करायला मुलाच्या घरी येतात, तेव्हा.

त्या घरी येण्याबद्दल, आणि तिथे काय बोललं जातं त्याबद्दल आम्हाला आज बोलायचं आहे.

१९७१ साल. अलाबामातल्या हंट्सव्हिलचा कॉन्ड्रेज होलोवे शाळा संपवत होता. क्वार्टरबॅक म्हणून नाव झालेलं. बेसबॉलमध्ये तर इतका तयार की माँट्रियलच्या व्यावसायिक संघाने त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं. वय सतरा. आईने सही करायला नकार दिला, आधी कॉलेज म्हणाली. फुटबॉलसाठी अलाबामा विद्यापीठालाही तो हवा होता. तिथले प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट म्हणजे त्या राज्यात जवळपास दैवतच. होलोवे यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे ब्रायंट सरळ म्हणाले की अलाबामा अजून कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकसाठी तयार नाही. दुसऱ्या जागेवर खेळणार असशील तर ये. होलोवे शेजारच्या टेनेसीत गेले आणि १९७२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्समधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य क्वार्टरबॅक झाले. तीन हंगाम गाजवले. त्यानंतर १९७५ च्या व्यावसायिक ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंडने त्यांना बाराव्या फेरीत घेतलं, आणि घेतलं ते बचावफळीतला खेळाडू म्हणून. ते कॅनडाला निघून गेले आणि तिथे क्वार्टरबॅक म्हणूनच खेळले.

आता ब्रायंटच्या त्या बोलण्याकडे जरा थांबून पाहा. ते अन्यायाचं आहे यात वादच नाही. पण त्यात एक गोष्ट खरी सांगितली आहे: अडचण राज्यात आहे, मुलात नाही. आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं की पुढच्या काळात हे वाक्य नाहीसं झालं, पण त्याचं काम चालूच राहिलं. अडचण राज्यातून उचलून मुलाच्या शरीरात ठेवली गेली. ‘आम्ही तयार नाही’ याऐवजी ‘तू जास्त वेगवान आहेस, तुझं भलं दुसऱ्या जागेवर आहे’ असं म्हटलं जाऊ लागलं. नकाराचं कौतुक झालं. आणि कौतुकाशी भांडणार कसं?

व्यावसायिक खेळात ही पद्धत त्याआधीच रुळली होती. मार्लिन ब्रिस्को ओमाहाचे क्वार्टरबॅक. १९६८ मध्ये डेन्व्हरने त्यांना चौदाव्या फेरीत कॉर्नरबॅक म्हणून घेतलं. ब्रिस्को हुशार. त्यांनी सही करण्याआधी अट घातली की क्वार्टरबॅक म्हणून चाचणी द्यायला मिळाली पाहिजे. चाचणी झाली आणि सगळे विसरलेही. मग मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला आणि ब्रिस्को मैदानात आले. पाच सामन्यांत सुरुवातीपासून खेळले, त्या हंगामात टचडाउनच्या १४ फेकी केल्या. पुढच्या वर्षी डेन्व्हरकडे त्यांच्यासाठी ती जागा नव्हती. ते बफेलोत गेले, रिसीव्हर झाले, त्या जागेवर ‘प्रो बोल’पर्यंत पोचले, नंतर मायामीबरोबर दोनदा विजेते ठरले. त्याच १९६८ साली ओकलंडने टेनेसी स्टेटच्या एल्ड्रिज डिकी या क्वार्टरबॅकला पहिल्या फेरीत निवडलं आणि दुसऱ्या फेरीत केन स्टेबलर या गोऱ्या क्वार्टरबॅकला. डिकी यांना रिसीव्हर केलं गेलं. स्टेबलर पुढे सुपर बोल जिंकणारे क्वार्टरबॅक झाले.

ब्रिस्कोंची गोष्ट सांगताना लोक हमखास म्हणतात, बघा, रिसीव्हर म्हणून किती यशस्वी झाले! म्हणजे निर्णय बरोबरच होता. ही या पद्धतीची खरी खुबी आहे. जागा बदललेला मुलगा यशस्वी झाला तर बदलणारा बरोबर. अपयशी झाला तर मुळात तो तेवढ्याच कुवतीचा होता. क्वार्टरबॅक म्हणून तो काय करू शकला असता याचा पुरावा कधी तयारच होत नाही, कारण पुरावा तयार होण्याची जागाच त्याच्याकडून काढून घेतलेली असते. वॉरन मून यांनी जागा बदलायला नकार दिला म्हणून निदान त्यांच्या बाबतीत तरी पुरावा आहे. १९७८ च्या रोझ बोलचे मानकरी. त्या वर्षी एनएफएलमध्ये कोणीही निवडलं नाही. कॅनडात एडमंटनबरोबर ओळीने पाच अजिंक्यपदं, मग १९८४ मध्ये ह्यूस्टन, आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेम.

जाता जाता टोनी डंजी. मिनेसोटा विद्यापीठाचे क्वार्टरबॅक. १९७७ मध्ये कोणी निवडलं नाही, पिट्सबर्गने बचावात सेफ्टी म्हणून घेतलं. डंजी पुढे प्रशिक्षक झाले आणि २००७ मध्ये सुपर बोल जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. ज्याच्यावर मैदानातले निर्णय सोपवायला संघ तयार नव्हते, त्याने पुढे सगळ्या संघाचे निर्णय घेतले. जागेचा प्रश्न फक्त त्या एका हंगामाचा नसतो. सगळ्यात मोठे करार क्वार्टरबॅकचे होतात, रनिंग बॅकची कारकीर्द फार लवकर आटोपते, आणि निवृत्तीनंतर ‘हा खेळ जाणतो’ म्हणून प्रशिक्षकाच्या खुर्चीसाठी कोणाचं नाव घेतलं जातं हेही पुष्कळदा जुन्या जागेवरून ठरतं.

समाजशास्त्रज्ञांनी याला ‘स्टॅकिंग’ म्हटलं. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग यांचा १९७० चा अभ्यास यातला मूळ मानला जातो. क्वार्टरबॅक, सेंटर, गार्ड अशा मध्यवर्ती जागांवर गोरे, आणि कडेच्या जागांवर कृष्णवर्णीय अशी वाटणी त्यांनी दाखवली. मोजणी महत्त्वाची आहे, पण ‘मध्यवर्ती’ हा शब्द आम्हाला पुरेसा वाटत नाही. तो वाचून वाटतं की प्रश्न भूमितीचा आहे, मैदानाच्या मधोमध कोण आणि कडेला कोण एवढाच. प्रश्न अधिकाराचा आहे. कोणाचं ऐकून बाकीचे दहा जण हलतात, त्याचा. नंतर काही अभ्यासकांनी आणखी एक स्पष्टीकरण दिलं की मुलं आपल्यासारखे दिसणारे खेळाडू पाहून आपणच जागा निवडतात. खरं असेल थोडंफार. पण त्या खेळाडूंना तिथे कोणी उभं केलं हे न विचारता मुलाची आवड मोजायची, म्हणजे घराला कुलूप लावून ‘याला बाहेर बसायला आवडतं’ म्हणण्यासारखं आहे.

आता भाषेकडे येऊ. टीका करायची ती मुख्यतः हिच्यावर. स्काउटचे अहवाल आणि टीव्हीवरचं समालोचन जरा कान देऊन ऐका. समालोचनातल्या या फरकावर १९७० च्या दशकापासून अभ्यास झालेले आहेत. कृष्णवर्णीय खेळाडूसाठी शब्द येतात ते ‘नैसर्गिक’, ‘स्फोटक’, ‘कच्चा’. गोऱ्यासाठी ‘कष्टाळू’, ‘मैदान वाचणारा’, ‘मैदानावरचा कोच’. दोन्हीकडे स्तुतीच आहे. पण एकाची स्तुती देहाची आणि दुसऱ्याची मनाची. एकाला जे मिळालं ते जन्मतः, दुसऱ्याने ते कमावलं. गोऱ्या रिसीव्हरबद्दल एक ठरलेली ओळ असते, की ‘हा दिसतो त्याहून वेगवान आहे’. चाळीस यार्डांची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते, घड्याळात आकडा आहे, मग ‘दिसतो’ कुठून आलं? ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून आलं. त्या शब्दात खेळाडूपेक्षा स्काउटच जास्त दिसतो.

भरतीच्या याद्यांमध्ये ‘अ‍ॅथलीट’ असं एक खातंच आहे. शाळेत हा अमुक जागेवर खेळतो, पण कॉलेजात कुठे खेळेल हे ठरलेलं नाही, अशा मुलांसाठी. खातं सोयीचं आहे, त्यात वावगं काही नाही. पण शाळेत चार वर्षं क्वार्टरबॅक खेळलेला मुलगा जेव्हा तिथे टाकला जातो, तेव्हा त्याचं ठरलेलं होतं आणि ते कोणीतरी मोडलं, एवढं तरी म्हणायला हवं.

इथे एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. जागा गोऱ्या मुलांच्याही बदलतात. ज्युलियन एडलमन केंट स्टेटचा क्वार्टरबॅक होता, न्यू इंग्लंडने त्याला रिसीव्हर केलं, आणि तो सुपर बोलचा मानकरी झाला. साचा गोऱ्यांनाही कापतो, हेही खरं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जेसन सीहॉर्न गेले आणि त्यानंतर जवळपास दोन दशकं ‘गोरा कॉर्नरबॅक’ ही चेष्टेची गोष्ट होती. आयोवाचा कूपर डीजीन २०२४ च्या ड्राफ्टला आला तेव्हा याला सेफ्टी करावं अशी चर्चा चाललीच होती. फिलाडेल्फियाने दुसऱ्या फेरीत घेतला, कॉर्नरबॅक म्हणून खेळवला, आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने सुपर बोलमध्ये पॅट्रिक महोम्सची फेक मधेच झेलून थेट टचडाउन केला.

तरीही दोन्ही बाजू सारख्या आहेत असं आम्ही म्हणणार नाही. कॉर्नरबॅकचा सेफ्टी करायचा म्हणजे बचावाला मागून सूचना देणाऱ्या, जास्त विचाराच्या मानल्या गेलेल्या जागी न्यायचं. क्वार्टरबॅकचा रिसीव्हर करायचा म्हणजे सूचना देणाऱ्याला सूचना ऐकणारा करायचं. एकाच साच्यातून दोघं गेले, पण एक जिथे विश्वास आहे तिकडे सरकला आणि दुसरा तिथून दूर.

लामार जॅक्सनचं प्रकरण तर कालपरवाचं. फ्लोरिडातल्या या मुलाने लुईव्हिल विद्यापीठ निवडलं ते तिथल्या प्रशिक्षकाने त्याच्या आईला शब्द दिल्यावर, की हा क्वार्टरबॅकच खेळेल. होलोवेंचीही आई आठवा. गोऱ्या क्वार्टरबॅकच्या आईवर असा शब्द मागून घ्यायची वेळ क्वचितच येते. जॅक्सनने २०१६ ची हाइझमन ट्रॉफी जिंकली. तरी २०१८ मध्ये बिल पोलियन यांच्यासारखे जुने, मान्यवर व्यवस्थापक टीव्हीवर म्हणाले की त्याने रिसीव्हर व्हावं. तो त्या ड्राफ्टमध्ये बत्तिसावा गेला, पाचवा क्वार्टरबॅक. २०१९ मध्ये एकमताने एमव्हीपी. पोलियन यांनी आपली चूक कबूल केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण त्या वर्षीचं कौतुक आठवा: पाय, वेग, चपळाई. टचडाउनच्या ३६ फेकी, लीगमध्ये सर्वाधिक, हे दुसऱ्या वाक्यात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये महोम्स आणि जॅलेन हर्ट्स समोरासमोर आले, सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच दोन्हीकडे कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. झालं, संपला विषय, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. आम्हाला तेवढी खात्री नाही. मधल्या काळात खेळ बदलला, धावू शकणारा क्वार्टरबॅक हवासा झाला. म्हणजे जुनी समजूत खोटी ठरली असं नव्हे, तिचा बाजारभाव वाढला. उद्या खेळ पुन्हा बदलला तर? मार्लिन ब्रिस्को जून २०२२ मध्ये वारले, तो सामना त्यांना पाहता आला नाही.

आणि ही समजूत मैदानाबाहेर कुठवर जाते ते सांगून थांबतो. डोक्याला मार लागून मेंदूचे आजार झालेल्या माजी खेळाडूंना भरपाई देण्याचा मोठा समझोता एनएफएलने केला. २०१५ मध्ये न्यायालयाने त्याला मंजुरी दिली. स्मृती आणि आकलन किती ढासळलं हे चाचण्यांवरून ठरायचं. त्या चाचण्यांच्या गुणांकनात वंशानुसार वेगळी पातळी धरायला वाव होता. कृष्णवर्णीय खेळाडूची आकलनशक्ती मुळातच कमी होती असं गृहीत धरायचं, म्हणजे ढासळण कमी दिसते आणि भरपाई मिळणं अवघड होतं. केव्हिन हेन्री आणि नजेह डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये दावा दाखल केला. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत बंद करायचं मान्य केलं, आणि जुन्या चाचण्यांचे गुण पुन्हा मोजायचं ठरलं.

सतराव्या वर्षी ज्या मुलाला ‘तुझे पाय सोन्याचे आहेत’ म्हणून क्वार्टरबॅकच्या रांगेतून बाहेर काढलं, तोच पन्नाशीत डॉक्टरसमोर बसून शब्दांची यादी आठवून दाखवतोय, आणि कागदावर त्याचे गुण आधीच खाली धरलेले आहेत. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.