दुपारी चारनंतरचा रॉथको

गेल्या हिवाळ्यात जहांगीर आर्ट गॅलरीत एका मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून मी फोटो काढला आणि फोनकडे बघून गोंधळले. भिंतीवर होता पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा, जवळजवळ काळाच वाटणारा रंग. फोनमध्ये आला उजळ, लालसर, गुलाबीकडे झुकणारा. फोनने परस्पर ठरवून टाकलं होतं की एवढा अंधार कुणाला हवा असणार? मी तो फोटो मैत्रिणीला पाठवला. लगेच बदाम आला, मागोमाग ‘भारी कलर!’ तिला आवडलेला रंग भिंतीवर नव्हताच, हे तिला सांगायचं राहून गेलं.

राजा रविवर्म्याच्या दमयंतीचं असं होत नाही. फोनने तिच्या साडीचा रंग दोन छटा इकडेतिकडे केला तरी दमयंती दमयंतीच राहते, हंस हंसच राहतो. अमूर्त चित्रात दमयंती नसते. हंस नसतो. तिथे रंग हाच आशय असतो, आणि तोच बदलला तर मागे काय उरतं? हा प्रश्न आर्ट स्कूलच्या कॅन्टीनमधला वाटू शकतो. पण अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठासमोर तो एकदा अगदी रोकडा होऊन उभा राहिला होता. मला ती गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहते.

1960च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क रॉथकोने हार्वर्डसाठी भलेमोठे कॅनव्हास रंगवले. एकूण सहा, त्यातले पाच 1964मध्ये होल्योक सेंटर या इमारतीच्या सर्वात वरच्या मजल्यावर, जेवणाच्या दालनात लागले. गडद किरमिजी, जांभळट लाल पार्श्वभूमी आणि तिच्यावर दारं-खिडक्यांच्या चौकटींसारखे आकार. दालनाला मोठमोठ्या काचा होत्या आणि बाहेर सुरेख देखावा. पडदे होते, पण देखावा सोडून पडदे लावून कोण जेवणार? ऊन येत राहिलं. शिवाय मेजवान्या झाल्या, कॅनव्हासवर ओरखडे उठले, डाग पडले. पण घात केला तो उन्हाने. आणि रॉथकोने वापरलेल्या एका लाल रंगाने.

त्या रंगाचं नाव लिथॉल रेड. स्वस्त, कृत्रिम, छपाईच्या शाईत सर्रास वापरला जाणारा. उजेडापुढे तो टिकत नाही. रॉथको आपले रंग स्वतः घोटून तयार करायचा आणि त्याच्या किरमिजीत हा लाल मिसळलेला होता. ऊन लागलं तसा लाल उडत गेला आणि सोबतचा निळा वर आला. तेही सगळीकडे सारखं नाही. ज्या कॅनव्हासवर जितकं ऊन पडलं तितका तो विटला. एकमेकांशी बोलावीत म्हणून केलेली पाच चित्रं पाच वेगवेगळ्या दिशांनी म्हातारी झाली. 1979मध्ये ती उतरवली आणि अंधारात ठेवून दिली. तोवर रॉथको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता यावर उपाय काय करणार? वरून पुन्हा रंग लावणं शक्य नव्हतं. या चित्रांवर व्हार्निशचा थर नाही, त्यामुळे नवा रंग थेट रॉथकोच्या रंगात मुरला असता आणि पुन्हा काढता आला नसता. मग हार्वर्डच्या कला-संवर्धकांनी आणि एमआयटी मीडिया लॅबच्या शास्त्रज्ञांनी एक वेगळीच युक्ती काढली. (या शास्त्रज्ञांत मूळचे नाशिकचे रमेश रासकरही होते.) कॅनव्हासला हातही न लावता त्याच्यावर प्रोजेक्टरने प्रकाश टाकायचा. जिथे लाल जितका उडाला, तिथे प्रकाशाने तितकाच भरून काढायचा. वीस लाखांहून अधिक पिक्सेल, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. मूळ रंग कसा होता हे ठरवायला आधार होता 1964च्या रंगीत पारदर्शिकांचा, आणि गंमत म्हणजे त्याही विटलेल्या होत्या. एका उडालेल्या रंगाची साक्ष काढायला दुसरा उडालेला रंग! आधी त्यांचा मूळ रंग संगणकावर परत मिळवावा लागला. न लावलेला सहावा कॅनव्हास मात्र बऱ्या अवस्थेत होता, तो मदतीला आला.

नोव्हेंबर 2014मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयात ही चित्रं पुन्हा लोकांसमोर आली, किरमिजी रंगात. रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद केले जायचे. शेवटचा तासभर उरायचे ते उडालेले, फिकट, निळसर झाक आलेले कॅनव्हास. हा क्षण बघायला लोक मुद्दाम त्या वेळी यायचे म्हणे.

मी हे प्रदर्शन पाहिलेलं नाही. माझ्याकडे आहेत ते फोटोच, तेही फोनवर. म्हणजे रंगद्रव्यावर टाकलेला प्रकाश, त्याचा कॅमेऱ्याने घेतलेला प्रकाश आणि तो मला दाखवणारा स्क्रीनचा प्रकाश. तरीही माझं एक मत आहे.

चित्रांना ब्रश लावला नाही हे उत्तमच झालं. उद्या कुणाला हा प्रयोग चुकीचा वाटला तर एक बटण दाबून तो पुसता येतो. आपल्याकडे जुन्या देवळांतल्या भित्तिचित्रांवर आणि मूर्तींवर ऑइलपेंटचे डबे ओतले जाताना ज्यांनी पाहिलंय त्यांना या संयमाची किंमत कळेल. पण याला चित्रांचा रंग परत मिळाला असं म्हटलं गेलं, तिथे माझं अडतं.

परत आला तो एका विशिष्ट दिवसाचा रंग. 1964चाच का? 1968चा का नाही, जेव्हा रॉथको जिवंत होता आणि लाल उडायला लागला होता? आजीच्या चेहऱ्यावर तिच्या लग्नातला फोटो प्रोजेक्टरने टाकावा तसं हे आहे. नाक-डोळे अगदी बरोबर जुळतील, बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही येईल, पण ती तरुण झाली असं कुणी म्हणणार नाही. दुसरं म्हणजे रॉथकोचा रंग पातळ थरांचा. उजेड वरच्या थरातून आत शिरतो, खालच्याला लागून परत येतो, म्हणून तो रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. प्रोजेक्टरचा लाल वरून येऊन पडतो. छटा तीच असेल, पण तिची वाट उलटी आहे.

पण मग चार वाजल्यानंतरचं चित्र खरं का? माझ्या मते तेही रॉथकोचं चित्र नाही. त्याचं चित्र गेलं. एक प्रकाशातला अंदाज उरला आणि एक रासायनिक अवशेष उरला, आणि हे मान्य करण्याऐवजी आपण दोघांपैकी खरं कोण असं भांडत बसतो. चार वाजताच्या त्या क्षणी मात्र दोन्ही एकदम दिसायची. एरवी दडून राहणारी गोष्ट उघडी पडायची: अमूर्त चित्रातला रंग ही नुसती वस्तू नसते, तिला उजेड लागतो, वेळ लागतो, ती सतत घडत असते.

हे आपल्या चित्रकारांना चांगलं ठाऊक आहे. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंग चढवायचे आणि खरवडायचे. त्यांचा पिवळा हा पिवळ्याखाली काय काय झालं याचा हिशेब असतो. प्रभाकर कोलते यांच्याकडे तर हे आणखी उघड आहे. पॉल क्लेच्या प्रभावातून निघालेल्या, जे. जे.मध्ये शिकून तिथेच दोन दशकांहून अधिक काळ शिकवलेल्या या चित्रकाराच्या कितीतरी कॅनव्हासवर एकच मोठा रंग सगळं झाकून टाकतो, आणि त्याच्या फटींतून, कडांपाशी खालचे रंग डोकावतात. पाऊस पडून गेल्यावर भिंतीचे पोपडे निघावेत आणि आतली जुनी रंगरंगोटी दिसावी, तसे. तिथे निळा म्हणजे निळाने काय काय लपवलं ते. फोनच्या दोन इंचांत लपवलेलं सगळं नाहीसं होतं आणि उरतो एक निळा चौकोन. मग कुणीतरी खाली लिहितं, ‘हे तर माझा भाचापण काढेल.’ दोन इंचांत बघितलं तर भाचा काढेलही.

खरी काळजी मला कोलत्यांची वाटत नाही, त्यांची चित्रं भिंतीवर शाबूत आहेत. काळजी वाटते ती गेल्या काही वर्षांत आर्ट फेअरमध्ये आणि इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या अमूर्ताची. कडा चाकूने कापल्यासारख्या स्वच्छ, ॲक्रिलिकचे झगझगीत रंग, एकमेकांशेजारी जोराने भिडवलेले. दुरून, छोट्या आकारात, चालत्या लोकलमध्ये अंगठा फिरवतानाही डोळ्यात भरतात. चित्रकारांना मी दोष देत नाही, त्यांचा पहिला प्रेक्षक फोनच आहे आणि गिऱ्हाईकही बरेचदा तिथूनच येतं. पण अशी चित्रं प्रत्यक्ष पाहायला गेले की हाती काही जास्तीचं लागत नाही. फोनवर होतं तेच, फक्त मोठं. फोनवर ज्याचं काहीच गमावलं जात नाही, त्या रंगाकडे भिंतीवर देण्यासारखंही काही उरलेलं नसतं. रझांचा बिंदू फोनवर तग धरतो, पण तो रचनेच्या आणि प्रतीकाच्या जोरावर. उत्तरकाळातल्या त्यांच्या काही चित्रांत रंग शब्दकोशातल्या अर्थांसारखे ठरून गेलेत असं मला वाटतं. यावर माझं अनेकांशी वाजतं.

त्या दिवशी जहांगीर बंद व्हायची वेळ झाली. शिपायाने आतल्या बाजूचे दिवे घालवायला सुरुवात केली. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल रंग आधी काळा दिसायला लागतो आणि निळे-हिरवे त्या मानाने तग धरतात. ते जांभूळ बघता बघता काळं झालं. आणि डावीकडे, अगदी खालच्या कडेला, बोटभर रुंदीचा मोरपंखी पट्टा दिसला. पूर्ण उजेडात मी तासभर तिथे उभी होते, तेव्हा तो माझ्या नजरेत आलाच नव्हता. फोन काढला तर नाइट मोड आपोआप सुरू झाला आणि सगळं पुन्हा लाल-गुलाबी.

रात्री मैत्रिणीला सगळं लिहून सांगितलं. तिने विचारलं, मग खरा कलर कुठला? मी जांभळाची साल असं टाइप केलं, पुसलं, पाण्यात भिजलेली जांभळाची साल असं केलं, आणि तेही पुसून प्रदर्शन सोमवारपर्यंत आहे एवढंच पाठवलं.