चाल कोणाची?

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी चाळली असतील, त्यांना पदांच्या माथ्यावर छापलेली एक लहानशी ओळ आठवत असेल. 'चाल' एवढा शब्द लिहून त्यापुढे आधीच्या एखाद्या पदाचे, लावणीचे किंवा कानडी गीताचे पहिले शब्द दिलेले असत. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' व १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी चाली मुक्तहस्ते उसन्या घेतल्या. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि श्रोत्यांनीही त्यांना कोणी चोर म्हटले नाही. कारण उसनवारीची नोंद पदाच्या डोक्यावरच केलेली असे. कीर्तनकार अभंग घोळवून घोळवून आपल्या रीतीने मांडतो. परंतु शेवटच्या चरणातील संताची नाममुद्रा तो कधी गाळीत नाही. घेण्याची मोकळीक आणि नाव घेण्याचे बंधन, ही दोन्ही आपल्या संगीतात एकत्रच नांदत आली आहेत.

ही गोष्ट आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आज जगभरच्या तरुणांच्या कानांत जे नागरी संगीत घुमते, ते जवळजवळ सर्वस्वी उसनवारीवर उभे आहे. आणि त्याच्या गुणदोषांची चर्चा आपल्याकडे दोन टोकांवरच चालते. एक पक्ष म्हणतो, हा यंत्राचा गोंगाट आहे, कला नव्हे. दुसरा म्हणतो, काळ बदलला, आता सर्वच सर्वांचे. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. ही कला आहे, हे मी मानतो. म्हणूनच तिला कलेचे नियम लावावयास पाहिजेत, असा माझा आग्रह आहे.

प्रथम ही कला काय आहे ते पाहू. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्क या तरुणाने एका घरगुती समारंभात तबकड्या वाजविल्या, तेथून हिप-हॉपचा जन्म मोजण्याची प्रथा आहे. गाण्यात जेथे गायक थांबतो व केवळ ढोलवादन उरते, तेवढाच भाग एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून फिरवीत तो लांबवीत असे. ज्या वस्तीत वाद्ये विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेथे ध्वनिमुद्रिका हेच वाद्य झाले. पुढे यंत्रे आली. १९८७ च्या 'एसपी-१२००' या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठविता येई. एवढ्याशा जागेत अधिक मावावे म्हणून कारागीर तबकडी वेगाने फिरवून आवाज आत घेत व मग यंत्रात तो मंद करीत. त्यातून जो खरखरीत, दाट नाद निघे, तोच त्या काळाचा रंग ठरला. १९८८ मध्ये रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी केलेल्या 'एमपीसी' यंत्रावर सोळा चौकोनी गाद्या होत्या. प्रत्येक गादीवर एक तुकडा बसवावा आणि बोटांनी तो वाजवावा. १९९७ मध्ये बेल्जियममधून 'फ्रूटीलूप्स', म्हणजे आजचे 'एफएल स्टुडिओ', निघाले; २००१ मध्ये बर्लिनहून 'एबलटन लाइव्ह' आले; आणि ही सारी कर्मशाळा संगणकाच्या पडद्यावर सामावली.

या कारागिरीची मुख्य कर्मे तीन : कापणे, ताणणे आणि बसविणे. कापणे म्हणजे जुन्या वादनातील एकेक आघात वेगळा करून त्यांचा क्रम नव्याने लावणे. ताणणे म्हणजे तुकड्याची लय किंवा पट्टी बदलणे. जुन्या यंत्रांत लय उतरली की स्वरही उतरे, आता ती दोन्ही स्वतंत्रपणे फिरविता येतात. तिसरे कर्म सर्वांत नाजूक आहे. संगणक प्रत्येक आघात ओढून मात्रेच्या नेमक्या रेषेवर बसवू शकतो. लिन यांनी त्यात झोका देण्याची सोय केली : पन्नास टक्के म्हणजे सरळ लय, सहासष्ट टक्के म्हणजे आपल्या तिश्र जातीची लय, आणि मधल्या आकड्यांत नाना डौल. तरीही यंत्राचा झोका तो यंत्राचाच. डेट्रॉइटच्या जे डिला या बीटकाराने ही स्वयंचलित सोय बाजूस सारून बोटांनीच आघात दिले. एक वाद्य किंचित आधी, दुसरे किंचित मागे, आणि तरी समेचा अचूक तोल. २००६ च्या ७ फेब्रुवारीस त्याचा एकतीस तुकड्यांचा 'डोनट्स' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि तिसऱ्या दिवशी तो निवर्तला. गोमंतकाच्या ज्या भूमीने हातापायांनी एकाच वेळी भिन्न ताल धरणारे लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर पाहिले, तेथील रसिकांना लयीच्या दोन अंगांमधील हा ताण ऐकू येणे कठीण जाऊ नये. उसन्या तुकड्यांतून केलेले असूनही 'डोनट्स' हे डिलाचेच आहे, कारण त्यातील प्रत्येक तुकड्यावर त्याच्या हाताचा ठसा आहे.

आता दुसरी बाजू पाहू. १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या वृंदाने एका तबकडीच्या मागल्या अंगावर 'आमेन, ब्रदर' ही रचना मुद्रित केली. ती एका ख्रिस्ती भक्तिगीतावर बांधलेली होती. म्हणजे त्यांनीही उसने घेतलेच होते, परंतु ते ऋण निदान शीर्षकात दिसत होते. तीत ग्रेगरी कोलमन या वादकाचे चार आवर्तनांचे, सुमारे सात सेकंदांचे ढोलवादन आहे. १९८६ मध्ये ते बीटकारांसाठी काढलेल्या एका संकलनात आले आणि तेथून सर्वत्र पसरले. इंग्लंडातील जंगल व ड्रम-अँड-बेस हे प्रकार याच सात सेकंदांना कापून व वेगाने पळवून घडले. हजारो ध्वनिमुद्रिकांत ते वाजले. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. त्याला त्यातून एक पैही मिळाली नाही. वृंदप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे चोवीस हजार पौंड दिले. न्यायालयाने दिले नाहीत, चाहत्यांनी दिले, हे लक्षात ठेवावयास हवे.

न्यायालये काय करीत होती? १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपगायकाविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी बायबलातील चोरीविषयीच्या आज्ञेनेच निकालपत्रास आरंभ केला. २००५ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने दोन सेकंदांच्या गिटारनादाच्या वादात असे ठरविले की, ध्वनिमुद्रिकेचा कितीही लहान तुकडा घ्यावयाचा तरी परवाना हवा. २०१६ मध्ये नवव्या मंडलाने मॅडोनाच्या 'व्होग' गीतातील पाव सेकंदाहून लहान तुकड्याविषयी नेमके उलट मत दिले. व्यवसायाने वकील असल्यामुळे मला या निकालांत रस आहे; परंतु टीकाकार म्हणून मला त्यांतील मापच अपुरे वाटते. न्यायालय सेकंद मोजते. त्या सेकंदांचे पुढे काय केले, हा रसिकाचा प्रश्न.

परवान्याच्या या धाकातूनच सॅम्पल पॅक नावाच्या व्यापारास खरी भरभराट आली. ढोल, तंतुवाद्ये, आलाप, टाळ्या यांचे शेकडो तुकडे मुद्दाम वाजवून घ्यावेत, त्यांवर लय व पट्टी लिहावी आणि ते 'रॉयल्टी-मुक्त' म्हणून विकावेत. 'स्प्लाइस'सारख्या मंडळ्या मासिक वर्गणीत असे तुकडे पुरवितात. ग्राहकाने एकदा पैसे दिले की पुढे कोणाचे देणे नाही, कोर्टाची भीती नाही. यात कायद्याचा भंग नाही, आणि केवळ तयार तुकडा वापरला म्हणून कृती हिणकस होते, असेही मी म्हणणार नाही. रिहानाच्या २००७ मधील 'अंब्रेला' या गाजलेल्या गीताचा ताल अ‍ॅपलच्या 'गॅरेजबँड' या साधनात कोणासही मिळणारा तयार तुकडाच आहे. तो लक्षावधी लोकांजवळ होता. त्यातून गीत मात्र एकच निघाले.

दोष आहे तो निराळाच. जुन्या बीटकारास तुकडा शोधावा लागे. तबकड्यांच्या ढिगाऱ्यात बसून तो ऐके, वेष्टनावरील वादकांची नावे वाचे, आणि उसने घेता घेता परंपरेचा विद्यार्थी होई. पॅक विकत घेणाऱ्यास यातले काहीच करावे लागत नाही. त्याला मिळते ती फाइल : अमुक वाद्य, मिनिटास नव्वद ठोके, अमुक स्वर. पेटीवर पुष्कळदा एखाद्या नामवंत बीटकाराचे नाव असते. ज्याने प्रत्यक्ष बोटे झिजविली, त्याचे बहुधा नसते. रॉयल्टीतून मुक्त होता होता ग्राहक स्मरणातूनही मुक्त होतो. आणि ज्याला आपण कोणाचे घेतले हे ठाऊक नाही, त्याला आपण त्यात काय घातले हे तरी कसे कळावे? सगळीकडची बीटे एकसारखी वाटू लागतात, याचे मूळ मला येथे दिसते.

हा प्रश्न दूरदेशचा आहे, असे समजून सोडता येणार नाही. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचे 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गीत निघाले. डीजे क्विक हा त्याचा निर्माता. त्यात प्रारंभापासून जो स्त्रीस्वर फिरत राहतो, तो १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातील, बप्पी लाहिरी यांनी चाल दिलेल्या गीतामधील लता मंगेशकरांचा आहे. लाहिरी व सारेगामा कंपनी यांनी दावे केले. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने हुकूम दिला की, लाहिरींचे नाव दिल्यावाचून ती तबकडी विकू नये. नावासाठी विक्री थांबविणारा हा हुकूम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे मात्र चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या चालीचे स्वामित्व संगीतकाराकडे उरलेले नाही, असे ठरले, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने दावा लढविणाऱ्या वकिलावर बसविलेला भुर्दंडही कायम केला. या साऱ्या झगड्यात जिच्या कंठामुळे तो तुकडा कानात भरला, ती गायिका वादी नव्हतीच. इंदुरास जन्मलेली, मंगेशीच्या दीनानाथांची ही कन्या. ज्या रंगभूमीवर दीनानाथ गायले, तिच्या पुस्तकांत पदांच्या माथ्यावर चालीचे मूळ छापले जात होते!

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत अधिक सुज्ञ आहे. त्याच्या ५७ व्या कलमान्वये स्वामित्व विकून टाकल्यावरही कर्त्याचा कर्तृत्व सांगण्याचा हक्क शिल्लक राहतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीने ३८-ख या कलमात गायक-वादकांसही, काही अपवाद सोडून, आपली ओळख दिली जावी व आपल्या कलेचे विद्रूपीकरण होऊ नये असा हक्क मिळाला. मालकी हस्तांतरित होते, कर्तृत्व होत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. आपल्या नाममुद्रेच्या प्रथेशी ते किती जुळते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर एक आक्षेप येईल तो असा की, पॅकसाठी वाजविणारा वादक आपखुशीने वाजवितो व रोख मोबदला घेतो. मग तुमची तक्रार काय? मोबदल्याविषयी तक्रार नाही. गोमंतक सरकारने २०१९ मध्ये घुमटास वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. उद्या आपल्या एखाद्या देवळातील घुमट-आरतीचा वादक मुद्रणालयात जाऊन चार आवर्तने वाजवून आला आणि पेटीवर केवळ 'गोवा, घुमट, ११० ठोके' एवढेच छापले गेले, तर त्याला पैसे मिळाले तरी त्याचा गुरू, त्याचे देऊळ, त्याच्या हाताचा वळसा हे सारे एका फाइलच्या नावात पुसून जाईल. म्हणून अशा वादकांस माझी व्यावहारिक सूचना आहे की, करारावर सही करण्यापूर्वी मोबदल्याच्या कलमाखाली नावाचे कलम लिहून घ्यावे. प्रत्येक तुकड्याबरोबर वादकाचे नाव दिले जाईल, असे त्यात स्पष्ट असावे. देवस्थानांच्या समित्यांनीही यात त्यांना साह्य करणे उचित ठरेल.

आणि जे तरुण संगणकावर बीटे रचतात, आपल्या घरांतील मुलेही त्यांत आहेतच, त्यांना एवढेच सांगावयाचे की, तुकडा घ्या, कापा, ताणा, मोडा. त्यात पाप नाही. घेतलेल्या आघातांत तुमच्या हाताने काय बदलले, ते ऐकूनच आम्ही तुमची योग्यता ठरवू. परंतु मूळ कोणाचे ते आधी शोधून काढा, आणि आपल्या बीटाच्या माथ्यावर, किर्लोस्करांच्या पुस्तकात असे तशी, एक ओळ लिहा : चाल अमक्याची.